तीन पाळ्यांचा उजेड

गिरिजाने तात्यारावांना पहिल्यांदा पाहिले ते चप्पल शोधताना. महूला एका लग्नासाठी ती आईबरोबर आली होती. जेवण उरकून इंदूरची बस गाठायची होती आणि मांडवाच्या दाराशी जिथे चप्पल काढली होती तिथे ती नव्हती. कुणाचीच चप्पल जागेवर नव्हती. सगळ्या चपला आणि बूट भिंतीच्या कडेने ओळींत लागले होते. टाचा भिंतीकडे, तोंडे बाहेर, आधी पुरुषांचे, मग बायकांचे, मग पोरांचे, आणि प्रत्येक ओळीत मोठ्यापासून लहानापर्यंत. शेवटच्या ओळीपाशी एक उंच, किडकिडीत तरुण उकिडवा बसून कुणाच्या तरी बुटाची नाडी आत खोचत होता.

"हे कुणी केलं?" गिरिजाने विचारले.

"मी," तो न उठता म्हणाला. "कसा पसारा होता, बघितला नाही का तुम्ही?"

"माझी चप्पल कुठे आहे?"

"केवढा पाय आहे?"

गिरिजाला पायाचे माप असे कुणी विचारले नव्हते. ती ओळीच्या एका टोकाने शोधू लागली, आई दुसऱ्या टोकाने. चप्पल सापडली तेव्हा बस कोपऱ्यावरून वळून गेली होती. तरुणाला त्याचे काही वाटल्याचे दिसले नाही. "पुढची येईलच," तो म्हणाला, आणि तिची चप्पल काढल्यामुळे रिकामी झालेली जागा त्याने बाजूच्या जोड्या सरकवून भरून काढली.

वर्षभराने त्याच तरुणाचे स्थळ आले. इंदूरच्या कापडमिलमध्ये कायमची नोकरी, दारू नाही, विडी नाही. गिरिजा म्हणाली, "त्याच्यामुळे आमची बस चुकली होती." तिचे वडील म्हणाले, "बस तर रोजच जाते." आणि लग्न झाले.

तात्यारावांचे वडील पलटणीत हवालदार होते. महूच्या छावणीत हे घर वाढले. तिथे रविवारी सकाळी बाप घरातल्या घरात तपासणी घेई. ट्रंका उघड्या, अंथरुणांच्या घड्या एकावर एक, पोरांची नखे पुढे. वडील गेले, छावणी सुटली, पण रविवार काही सुटला नाही. इंदूरला नंदानगरच्या दोन खोल्यांत गिरिजाने संसार मांडला आणि पहिल्याच रविवारी नवऱ्याने तिचे मसाल्याचे डबे खाली उतरवून, पुसून, उंचीप्रमाणे परत लावले. हळद कुठे आणि धणे कुठे हे शोधण्यात तिची सकाळ गेली. तिने डबे पुन्हा आपल्या रीतीने लावले. पुढच्या रविवारी ते पुन्हा उतरले.

मिलमध्ये ते जॉबर होते. माग बिघडला तर दुरुस्त करायचा, नव्या विणकराला हाताशी धरून शिकवायचे, आपल्या वाट्याचा एकही माग उभा राहू द्यायचा नाही, हे जॉबरचे काम. नव्या माणसाला ते पहिली गोष्ट सांगत ती ही, की चालू मागाला हात लावायचा नाही. धागा तुटला तर थांबवा, मग हात घाला. चालत असेल तर लांब उभे राहा. जेवताना ही गोष्ट घरात इतक्या वेळा निघे की धम्मदीना, त्यांची लेक, चार वर्षांची असताना बाहुलीला तीच सांगत असे. घरी मात्र हा नियम दाराबाहेर चपलांच्या ओळीत राहायचा. चालू घड्याळ, चालू पंखा, गिरिजाचे चालू शिवणयंत्र, सगळे त्यांच्या हाताखालून एकदा गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मग मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एके दिवशी फाटकाला कुलूप लागले. नंदानगरात भोंगा ऐकू येईनासा झाला. प्रकरण कोर्टात गेले आणि तिथेच राहिले.

इंदूरच्या मिल-कामगारांची एक रीत आहे. अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलचे कामगार रोषणाईचे हलते देखावे बनवून रात्रभर शहरातून मिरवतात. त्यांना झांकी म्हणतात. तात्यारावांच्या मिलने एका वर्षी समुद्राचा देखावा केला होता आणि त्यासाठी टेबलाएवढी लांब काचेची पेटी बनवून घेतली होती, खरे पाणी आणि खरे मासे घालून. मिरवणूक झाल्यावर ती पेटी साहेबांच्या ऑफिसात ठेवली गेली. फाटक बंद व्हायच्या आठवड्यात झांकीचे सामान धूळ खात पडू नये म्हणून कामगारांनी वाटून घेतले. मोटर एकाच्या घरी गेली. पुठ्ठ्याचे हत्ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शरद विणकराच्या माळ्यावर चढले. काचेची पेटी हातगाडीवरून तात्यारावांच्या घरी आली.

"किती दिवस?" गिरिजाने विचारले होते.

"मिल उघडेपर्यंत. मिलची अमानत आहे. अशी परत द्यायची की साहेबानं बघत राहावं."

पुढच्या खोलीत एकच खिडकी होती, पूर्वेची. पेटी त्या खिडकीखाली गेली, कारण, तात्याराव म्हणाले, ऑफिसातही ती खिडकीखालीच होती. गिरिजाचे शिवणयंत्र तिथून उठून आतल्या भिंतीला लागले.

ऑफिसात पेटीवरचा दिवा दिवसरात्र जळत असे, कारण मिल दिवसरात्र चालत असे. तेव्हा घरीही तो तिन्ही पाळ्या जळू लागला. पहिल्या पाळीच्या वेळेला तात्याराव उठत, पेटीपुढे उभे राहत, काचेवर बोट टेकवून मासे हजर आहेत याची खात्री करत. रात्रपाळीत तो पांढरा उजेड गिरिजाच्या डोळ्यांवर पडे. ती तोंडावर पदर घेऊन झोपायला शिकली.

"अहो, मिल बंद आहे," ती म्हणायची.

"मिल बंद आहे. पाळी बंद नाही."

गिरिजा यंत्राकडे वळे.

पेटीत आधी प्लास्टिकची झाडे होती. ऑफिसातला शिपाई रोज काच घासायचा आणि प्लास्टिकला काही होत नाही, म्हणून तिथे सगळे चकचकीत दिसे. घरी दोन वर्षांत ती झाडे भुरकी पडली. त्याच सुमारास पाटणीपुऱ्याच्या रस्त्यावर मनीष नावाच्या एका तरुणाने रंगीत माशांचे दुकान थाटले. आता परदेशातले पंप येत होते, परदेशातली पाकिटे येत होती, विजय नगरकडे नवे फ्लॅट उठत होते आणि फ्लॅटवाल्यांना दिवाणखान्यात मासे हवे होते. मनीषने तात्यारावांना सांगितले की प्लास्टिक फेका, जिवंत झाडे लावा, पाणी साफ राहील, मासे खूश राहतील. तात्यारावांना हे पटले. मिलला परत देताना प्लास्टिकऐवजी जिवंत बाग दिली तर साहेब काय म्हणेल, हे ते दोन दिवस गिरिजाला ऐकवत होते.

मनीषकडून रिबिनीसारख्या लांब पानांची रोपे आली. त्यांचे इंग्रजी नाव तात्यारावांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्यांना पट्टीवाली म्हणत. सिरपूर तलावावर सायकलने जाऊन त्यांनी बादलीभर पाणवनस्पती आणली, आणि तिच्याबरोबर गोगलगायी आल्या. एक गोगलगाय गिरिजाला तांदळाच्या डब्याच्या झाकणावर सापडली. बांधकामावरून बजरी आली, ती अंगणात तीनदा धुतली गेली, आणि अंगणातली मोरी तुंबली.

रोपे लावली गेली ती मागांसारखी. चार ओळी, सरळ, दोन रोपांत एक वीत. पट्टी घेऊन तात्यारावांनी अंतर मोजले. आणि रविवारी तपासणी सुरू झाली. बाह्या वर करून ते एकेक रोप उपटत, मुळे उजेडात धरून बघत, नळाखाली धुऊन परत त्याच जागी खोचत.

"कशाला उपटता सारखं?" गिरिजा म्हणे.

"मुळी धरली की नाही ते कसं कळणार?"

"धरत असेल तर तुम्ही तोडता ना ती."

"तुला काय समजतं यातलं?"

रोपे जगली नाहीत. पाने वितळल्यासारखी होऊन तळाशी बसत आणि काचेवर हिरवी काई, म्हणजे शेवाळ, चढे. सकाळी घासली तर चार दिवसांत परत तेवढीच. पाणी मुगाच्या कढणासारखे दिसू लागले. मासे आहेत का नाहीत हे दिसेनासे झाले, तरी तात्याराव रोज बोट टेकवून हजेरी घेत. मनीषने एकदा सांगूनही पाहिले. "तात्याजी, लाइट कमी करो भिया. एक तो खिडकीची धूप, ऊपर से चौबीस घंटे की ट्यूब, काई नहीं आएगी तो क्या आएगा? और इनको उखाडो मत. सोने दो इनको."

तात्याराव घरी येऊन म्हणाले, "दुकानदार हुशार आहे. लाइट बंद करायला सांगतो. म्हणजे झाडं मरतील आणि नवी विकता येतील."

"जुनी तर तशीही मरतातच आहेत," धम्मदीना म्हणाली. ती आता कॉलेजात होती.

"तू अभ्यास कर."

अशी वर्षे गेली. तात्याराव शिंप्यांची यंत्रे दुरुस्त करत. हाताला चांगली कामे मिळत. पण मिल उघडणार अशी कुजबुज गल्लीत आली की ते हातातले काम टाकून फाटकापाशी जात आणि दोन दिवस तिथेच उभे असत. शिवणयंत्रांच्या एका मोठ्या दुकानाने त्यांना कायम ठेवायला तयारी दाखवली तेव्हा ते म्हणाले, आपली नोकरी आहेच, सध्या फाटक बंद आहे इतकंच. घर चालत होते गिरिजाच्या शिवणावर. कापड मार्केटमधला एक व्यापारी तिला शाळेच्या गणवेशांचे कापलेले गठ्ठे देई आणि ती ते शिवून देई. उन्हाळ्यात हे काम सर्वांत जास्त; शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे. त्या कामात खाडा पडला तर पुढच्या वर्षी गठ्ठा दुसऱ्या बाईच्या घरी जातो, हे गिरिजाला पक्के माहीत होते. धम्मदीनाच्या शेवटच्या वर्षाची सगळी भिस्त त्या गठ्ठ्यांवर होती.

त्या उन्हाळ्यात कटौती सुरू झाली. वीज सकाळी जाई, दुपारी जाई, संध्याकाळी येई आणि पुन्हा जाई. आतल्या भिंतीशी दिवसाही काळोख. गणवेश गडद निळा, दोरा गडद निळा. गिरिजा नाकाशी कापड धरून टाके घाली. काही दिवस तिने यंत्र दारात नेले, तर गल्लीतून लुना उडवणारी पोरे धूळ उडवून जात आणि येणाराजाणारा दोन गोष्टी बोलायला थांबे.

"खिडकी द्या मला," ती तात्यारावांना म्हणाली.

"टंकी कुठं ठेवू?"

"माझ्या जागी. भिंतीशी."

"अंधारात? झाडं मरतील ना."

"झाडं कुठे आहेत? हिरवं पाणी आहे ते."

"मुळी धरतायत आता. एवढ्यात हलवायची नाही. भरलेली टंकी हलवली तर काच फुटेल, मग मिलला काय दाखवू?"

गिरिजाने आयुष्यात फार भांडणे केली नव्हती. भांडणाला समोरून काही यावे लागते, आणि तात्याराव भांडत नसत. ते समजावून सांगत. एकच गोष्ट, शांतपणे, पुन्हा पुन्हा. तिला वाटे की हा माणूस एकदा तरी ओरडला असता तर बरे झाले असते.

मेच्या अखेरीस एक गठ्ठा परत आला. व्यापाऱ्याचा माणूस सायकलवरून आला आणि गठ्ठा उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "बाईजी, सिलाई टेढी जा रही है. सेठ ने कहा है देख लो, नहीं जमे तो बता देना." गिरिजाने एक फ्रॉक दारात उजेडाला धरून पाहिला. कमरेची शिवण खरेच वाकडी गेली होती. शाळेतल्या पोरीनेही शिवली नसती अशी.

तात्याराव पेटीपुढे बसले होते. बाही कोपरापर्यंत ओली, हातात एक उपटलेले रोप.

गिरिजाने फ्रॉक त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बघा," ती म्हणाली. "तपासणी करा याची."

त्यांनी पाहिला. शिवण त्यांनी बोटाने तपासली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाकडी शिवण लगेच कळते.

"यंत्राचं टेन्शन बघतो," ते म्हणाले.

"यंत्र चांगलं आहे. दिसत नाही मला." गिरिजाचा आवाज चढला नाही, पण ती थांबलीही नाही. "इतकी वर्षं बघतेय. डबे बघितले, घड्याळ बघितलं, यंत्र बघितलं. जे चालू आहे त्यात तुमचा हात. मिलमध्ये पोरांना काय शिकवत होतात? चालू मागाला हात लावायचा नाही. घरात एक चालू माग आहे, तो मी आहे. बाकी सगळं बंद पडलंय, आणि तुम्ही त्याच्या पाळ्या लावता."

धम्मदीना आतून आली आणि दारात थबकली.

तात्यारावांनी हातातले रोप पाण्यात सोडले. ते तरंगत राहिले. ओली बाही त्यांनी पिळली. मग म्हणाले, "तात्पुरती हलवतो. कटौती संपेपर्यंत."

"तात्पुरती तर तात्पुरती."

शरदला बोलावले गेले. पेटीतले पाणी बादल्यांत उतरले, मासे पातेल्यात गेले, बजरीखालून तळाचा चिखल निघाला आणि घरभर तलावाचा वास सुटला. दोघांनी पेटी उचलून आतल्या भिंतीशी, बुद्धांच्या तसबिरीखाली ठेवली. तात्यारावांनी रोपे परत ओळींत खोचली, पण पट्टी घेतली नाही.

"मरतील," ते म्हणाले. "सांगून ठेवतो. याच्यापुढे माझी जबाबदारी नाही."

"नसू दे," गिरिजा म्हणाली, आणि यंत्र खिडकीखाली ओढले.

गठ्ठा तिने उसवून पुन्हा शिवला. पूर्वेच्या उजेडात दोरा दिसत होता. त्याच आठवड्यात व्यापाऱ्याने पुढचा गठ्ठा पाठवला, काही न बोलता.

तात्याराव मात्र रुसले. रुसण्यातही त्यांची शिस्त होती. पेटीकडे पाठ करून बसायचे, जेवतानाही. सकाळी हजेरी नाही. रविवारी तपासणी नाही. माशांना दाणे धम्मदीना टाकी. आणि उजेडाच्या तीन पाळ्याही आपोआप बंद झाल्या, कारण त्या भिंतीवर वीज घ्यायला एकच जागा होती आणि वीज असेल तेव्हा तिथे पंखा लागे. रात्री उकाडा कमी झाला की पंखा काढून धम्मदीना थोडा वेळ पेटीचा दिवा लावी, बाबांना बरे वाटावे म्हणून. झोपायच्या आधी गिरिजा तो बंद करी. कितीतरी वर्षांनी ती पदर न घेता झोपली.

पाऊस सुरू झाला त्या सुमारास गिरिजाच्या ध्यानात आले की पाणी हिरवे राहिलेले नाही. काचेवरची काई तपकिरी होऊन सुटत होती आणि गोगलगायी ती चाटत होत्या. तिने कुणाला सांगितले नाही. तिला भीती होती. चांगले चालले आहे हे तात्यारावांना कळले की हात पाण्यात जाणार.

पण धम्मदीनाने पाहिलेच. "आई," ती खाली बसून म्हणाली, "पट्टीवालीनं लाइन तोडली."

तळाशी एक पांढरी दोरी बजरीवरून सरपटत गेली होती आणि पहिल्या-दुसऱ्या ओळींच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच लावले नव्हते, तिथे बोटभर उंचीचे नवे रोप उभे होते. पुढे आणखी एक. कुणाचीही ओळ न पाळता.

"बाबांना सांगू?"

"अजिबात नको."

"त्यांना दिसेलच."

"दिसू दे. तू सांगू नको."

रविवार आला. सकाळी तात्यारावांनी आंघोळ केली, दाढी केली, चहा घेतला, आणि खुर्ची वळवली. गिरिजाने यंत्राचे चाक हाताने धरून ठेवले. तात्यारावांनी पेटीपाशी जाऊन टॉर्च लावला आणि ते काचेला नाक टेकवून पाहत राहिले. ओळीबाहेरच्या रोपावर उजेड थांबला. त्यांनी बाही वर केली.

गिरिजा उठणार होती.

मग ते तसेच उभे राहिले, एक बाही वर, एक खाली, आणि थोड्या वेळाने वरची बाही त्यांनी खाली केली.

"वाकडं आलंय," ते म्हणाले.

"हो," गिरिजा म्हणाली.

"मी सोडलंय ते. मला काय करायचंय." पण दुपारी ते धम्मदीनाला म्हणाले, "सारखं टॉर्च मारू नको त्याच्यावर. बुजेल."

"टॉर्च तुम्हीच मारत होता, बाबा."

"मी एकदाच मारला."

ऑगस्टपर्यंत पेटी भरून गेली. पाने वरपर्यंत जाऊन पाण्यावर आडवी पडली आणि मासे त्यांतून ये-जा करू लागले. ओळी कुठे होत्या ते आता तात्यारावांनाही दाखवता आले नसते. आणि त्याच महिन्यात कटौती कमी झाली. दिवसभर वीज राहू लागली. गिरिजा वाट पाहत होती. तात्पुरती, असे ठरले होते. तात्याराव दिलेला शब्द विसरत नसत, आणि आपण घेतलेला तर मुळीच नाही. आज म्हणतील, उद्या म्हणतील, चला, टंकी जागेवर. यंत्र पुन्हा काळोखात. दिवाळीचे काम तोंडावर होते. तिने मनात दहा वेळा भांडण करून पाहिले आणि दहाही वेळा ते शांतपणे समजावून सांगत राहिले.

पण त्यांनी काही म्हणायच्या आधीच शरद आला. गणपतीच्या झांकीची तयारी सुरू झाली होती. मिल बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी कामगार वर्गणी काढून झांकी काढतच होते. शरद कमिटीत होता. दाराशी चप्पल काढून त्याने ती स्वतःच ओळीत लावली, कारण न लावली तर काय ऐकावे लागते हे त्याला माहीत होते.

"तात्या, टंकी काढ," तो बसत म्हणाला. "यंदा समुद्रच करायचाय परत. पुरानी वाली हिट झांकी. हत्ती पण उतरवतोय माळ्यावरून."

गिरिजाच्या मनात आले, जाऊ दे. पेटी झांकीला गेली की परत येताना ती कुठे ठेवायची हे नव्याने ठरेल. मग आले, नव्याने ठरले की खिडकीच ठरेल.

तात्यारावांनी पेटीकडे पाहिले. "ती हलणार नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"चालू आहे ती. चालू मागाला हात लावायचा नाही. पंधरा पोरं शिकवली असतील मी, तुला पण मीच शिकवलं. विसरलास?"

"अरे पण झांकीसाठी, भिया. दोन रात्रींचा सवाल. परत आणून देऊ ना, यहीं की यहीं."

"मुळी तुटेल."

"तात्या," शरदचा आवाज जरा बदलला, "टंकी मिलची आहे. तूच म्हणायचास, अमानत आहे. मिलच्या कामाला नाही द्यायची तर कुणाला द्यायची?"

तात्याराव उठले. पेटीवरचे झाकण त्यांनी सरळ होते तेच सरळ केले.

"मिल कुठंय, शरद?" ते म्हणाले.

शरदने मान खाली घातली. खिडकीखाली यंत्र थांबले होते. बाहेर कुणीतरी भाजीवाल्याला हाका मारत होते.

"झाडं देतो," तात्याराव म्हणाले. "बादली घेऊन ये. लागतील तेवढी घेऊन जा, समुद्र हिरवागार होईल. काच दुसरी बघा. मनीषला विचार, त्याच्याकडे जुनी पडलेली असेल. आणि हे बघ, त्याच्यावर चोवीस तास लाइट मारू नका. काई येते."

"दोन रात्रींत काई येते?"

"तुला काय समजतं यातलं?"

गिरिजाने यंत्राचे चाक फिरवले आणि टाका पुढे चालू केला. त्या दिवसानंतर खिडकीची गोष्ट निघाली नाही. पुढच्या महिन्यात तात्याराव त्या मोठ्या दुकानात गेले आणि यंत्रदुरुस्तीची कायमची नोकरी अजून आहे का, असे विचारून आले. होती. तिथे त्यांनी पंधरा वर्षे काम केले आणि पहिल्या आठवड्यातच मालकाचे सगळे स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत लावून ठेवले. मालकाला महिनाभर काही सापडले नाही.

तात्याराव आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. नंदानगरच्या त्याच घरात राहतात. पेटी त्याच भिंतीशी आहे आणि तिचा दिवा दुपारी लागतो, रात्री झोपताना बंद होतो. धम्मदीना विजय नगरला राहते. तात्याराव दर रविवारी सकाळी लवकर सिटी बसने तिच्याकडे जातात आणि दुपारी जेवून परत येतात, कारण रविवारी सकाळी ते घरी राहिले तर हात पाण्यात जातो, असे गिरिजाचे म्हणणे आहे.